फ्लोरेन्स नाइटिंगेल : आकड्यांतून उंबरठ्याकडे

हातात दिवा घेऊन रात्रीच्या अंधारात जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका, ही फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा आपल्याकडील शालेय पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ती खोटी नाही. परंतु नव्वद वर्षांच्या आयुष्यातील जेमतेम पावणेदोन वर्षांची ती गोष्ट आहे. त्यानंतरचा फार मोठा काळ त्यांनी लंडनमधील आपल्या खोलीत, बहुतांशी आजारपणात, अहवाल, तक्ते आणि निबंध लिहिण्यात घालविला. त्यांचे निबंध लिव्हरपूल, एडिंबरो, नॉर्विच, शिकागो, लीड्स आणि बुडापेस्ट येथील परिषदांपुढे गेले. निबंधकर्ती मात्र व्यासपीठावर नसे. तिचे शब्द दुसरेच कोणी तरी वाचून दाखवीत. लोकांचे आरोग्य कशाने सुधारते, हा या निबंधांचा एकच विषय होता. त्याचे उत्तर मात्र चाळीस वर्षांत हळूहळू बदलत गेले. सरकारपुढे आकडे मांडण्यापासून सुरू झालेला हा प्रवास खेड्यातील घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला. या बदलात हिंदुस्थानचा, आणि त्यातही मुंबई इलाख्याचा, वाटा मोठा होता.

गणिताची ओढ

फ्लोरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लोरेन्स शहरात झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे सधन इंग्रज गृहस्थ. डर्बीशायर आणि हॅम्पशायर या परगण्यांत त्यांची प्रशस्त घरे होती. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकविले. धाकट्या फ्लोरेन्सला गणिताची विशेष ओढ होती. त्या काळातील श्रीमंत घरातील मुलीने गणितात रमावे, हे आईला रुचणारे नव्हते.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ मध्ये, आपल्याला ईश्वराने सेवेसाठी हाक दिली आहे असा अनुभव त्यांना आला. ती सेवा म्हणजे रुग्णसेवा, हे उमगायला पुढे काही वर्षे जावी लागली आणि घरच्यांची संमती मिळायला त्याहून अधिक. इंग्लंडमधील परिचारिकेच्या कामाला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. शिक्षण नाही, शिस्त नाही, अशा बायकांचा तो व्यवसाय मानला जाई. फ्लोरेन्स यांनी विवाहाचे प्रस्ताव नाकारले. पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील संस्थेत त्यांनी सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या अप्पर हार्ली स्ट्रीटवरील, आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका छोट्या संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

स्कुटारीतील हिशेब

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी सैनिकांची आबाळ होत असल्याच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत झळकू लागल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून फ्लोरेन्स ३८ परिचारिकांची तुकडी घेऊन निघाल्या आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथे दाखल झाल्या. तेथील बराकीचे रुग्णालय म्हणजे मृत्यूचे आगरच होते. इमारतीखाली तुंबलेली गटारे, दूषित पाणी, कोंदट हवा, उवांनी भरलेले कपडे आणि दाटीवाटीने टाकलेले रुग्ण. त्यांनी स्वयंपाकघर सुधारले, धुलाईची सोय केली, स्वच्छ चादरी आणि कपडे मिळविले. तरीही मृत्यू थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्यांपैकी शेकडा ४२ जण दगावत होते.

मार्च महिन्यात इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांनी गटारे उपसली, पाण्याचा मार्ग शुद्ध केला, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २च्या आसपास आले. या युद्धात सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक मरण पावले. त्यांतील सुमारे १६ हजार शत्रूच्या गोळीने नव्हे, तर पटकी, हगवण, ज्वर अशा रोगांनी गेले.

हे सारे आकडे इंग्लंडला परतल्यावर नीट हाती आले. १८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या कामासाठी त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह नोंदींचा अभ्यास केला. सेवेत कसूर नव्हती. माणसे मरत होती ती घाणीमुळे, आणि ती घाण काढता येण्याजोगी होती, हा निष्कर्ष त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. क्रिमियात १८५५ मध्ये आलेल्या तापाने त्यांची प्रकृती आधीच पोखरली होती. १८५७ मध्ये त्या कोसळल्या आणि पुढील अनेक वर्षे त्यांनी घराबाहेर क्वचितच पाऊल ठेवले.

मंत्र्यांना समजेल असे चित्र

आकड्यांचे रकाने मंत्री वाचत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी वर्तुळाकार आकृती योजली. वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या; प्रत्येक पाकळीत रोगाने, जखमांनी आणि इतर कारणांनी झालेले मृत्यू वेगवेगळ्या रंगांत. रोगाच्या रंगाने जवळजवळ सारी आकृती व्यापलेली पाहून संख्याशास्त्राचा गंध नसलेल्या माणसालाही मुद्दा कळावा, ही त्यामागची योजना. शांततेच्या काळातही बराकीतील तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांपेक्षा दीडपटीहून अधिक प्रमाणात मरतात, नागरिकांत हजारी ११ तर सैन्यात १७ ते २०, हेही त्यांनी दाखवून दिले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

त्याच वर्षी लिव्हरपूल येथे समाजविज्ञानाच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेचे अधिवेशन भरले. रुग्णालयाची इमारत कशी असावी यावरील त्यांचे दोन निबंध तेथे वाचले गेले. जुलै १८६० मध्ये लंडन येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद झाली. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवते, त्यामुळे कोठे माणसे वाचतात आणि कोठे मरतात याची तुलनाच करता येत नाही. तेव्हा सर्वत्र एकच नमुना असावा, अशी योजना त्यांनी परिषदेपुढे ठेवली आणि परिषदेने ती उचलून धरली. बेल्जियमचे प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले या परिषदेसाठी लंडनला आले होते. नाइटिंगेल त्यांना गुरुस्थानी मानत. त्याच वर्षी सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. आधुनिक परिचर्या-शिक्षणाचा पाया येथे घातला गेला.

हजारी एकोणसत्तर

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८५९ मध्ये त्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला. या देशात नाइटिंगेल यांनी कधी पाऊल ठेवले नाही. परंतु येथील लष्करी छावण्यांना पाठविलेल्या प्रश्नावल्या तयार करण्यात त्यांचा हात होता, आणि परत आलेल्या उत्तरांचे ढीग त्यांनीच चाळले. विहिरींचे पाणी, मोऱ्या, बराकींची रचना, दारूची सवय, शेजारच्या वस्तीची अवस्था, असे सारे त्यात होते. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रचंड अहवालातून एक आकडा पुढे आला. हिंदुस्थानात दर हजार गोऱ्या सैनिकांमागे दरवर्षी ६९ जण मरत होते. याही वेळी मारणारे हात शत्रूचे नव्हते.

त्याच वर्षी एडिंबरोच्या अधिवेशनात त्यांचा निबंध वाचला गेला. हिंदुस्थानात माणसे मरतात ती तेथील हवामानामुळे, ही इंग्रजांची लाडकी समजूत होती. हवामानावर खापर फोडले की कोणालाच काही करावे लागत नाही. नाइटिंगेल यांनी या समजुतीवरच घाव घातला. उष्ण हवेत घाण अधिक वेगाने जीव घेते हे खरे, पण जीव घेते ती घाणच, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिवाय छावणी शुद्ध ठेवून शेजारचे गाव घाणीत ठेवता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. सैनिकापासून सुरू झालेली चौकशी अशा रीतीने रयतेपर्यंत आली.

दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, नॉर्विचच्या अधिवेशनापुढे त्यांनी या कामाचा जमाखर्च ठेवला. सैन्यातील मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ वरून १८ वर आले होते. हे मोठे यश होते. मात्र ते छावणीच्या कुंपणाआतले होते. कुंपणाबाहेर पटकी, ताप आणि दुष्काळ यांनी माणसे मरत होतीच, आणि त्यांची धड मोजदादही होत नव्हती.

मुंबई इलाख्याशी पत्रव्यवहार

१८७० नंतर नाइटिंगेल यांच्या लेखनात हिंदुस्थानातील शेतकरी वारंवार येऊ लागला. सिंचन, सावकारी, शेतसारा, जमिनीचे हक्क या विषयांवर त्यांनी लिहिले. उपाशी आणि कर्जबाजारी माणसाला स्वच्छतेचा उपदेश करण्यात अर्थ नाही, हे त्यांना पटले होते. लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणाला त्यांनी पाठिंबा दिला. दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटची निवडणूक लढवू लागले, तेव्हा त्यांचीही त्यांनी बाजू घेतली. बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली.

याच सुमारास मुंबई सरकारने खेड्यांच्या स्वच्छतेसाठी कायदा करण्याचे ठरविले. हा कायदा १८८९ मध्ये झाला. त्याची चर्चा चालू असताना आणि नंतरही पुण्याची सार्वजनिक सभा आणि मुंबईची बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन या संस्थांशी नाइटिंगेल यांचा पत्रव्यवहार होता. कागदावरचा कायदा आणि वरून पाठविलेला निरीक्षक एवढ्याने गाव स्वच्छ होत नाही, ही त्यांची खात्री झाली होती. पाणवठा का राखायचा, उकिरडा घरापासून दूर का हवा, हे गावकऱ्यांना पटले पाहिजे. आणि ते पटविण्याचे काम परक्या अधिकाऱ्यापेक्षा त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस अधिक चांगले करील. म्हणून शिकलेल्या मंडळींनी खेड्यांत जाऊन व्याख्याने द्यावीत आणि जादूच्या कंदिलाने दूषित पाण्यातील सूक्ष्म जीव पडद्यावर मोठे करून दाखवावेत, अशी सूचना त्यांनी पुढे आणली.

या सूचनेत त्यांच्या स्वतःच्या विचारातील एक मोठे स्थित्यंतर दडलेले आहे. तरुणपणी रोग दूषित हवेतून उपजतो असे त्या मानत. संसर्गाच्या कल्पनेला त्यांचा विरोध होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये पटकीचा जंतू शोधून काढला, त्यातील निर्णायक संशोधन कलकत्त्यात झाले. जंतुशास्त्राचा पुरावा जसजसा भक्कम होत गेला, तसतसे नाइटिंगेल यांनी ते मत मागे टाकले आणि त्याच जंतूंना शिक्षणाचे साधन केले.

प्रश्न पैशाचा

ऑगस्ट १८९१ मध्ये लंडन येथे आरोग्य आणि लोकसंख्याशास्त्र या विषयांवरील सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यात हिंदुस्थानच्या प्रश्नांना स्थान मिळावे आणि हिंदी प्रतिनिधी यावेत यासाठी नाइटिंगेल यांनी खटपट केली. परिषदेचे ठराव हवेत विरू नयेत म्हणून १८९२ मध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांच्याकडे एक निवेदन गेले. खेड्यांकडून जो स्थानिक कर वसूल होतो, त्यातील पहिला वाटा त्याच खेड्यांच्या पाण्यावर आणि स्वच्छतेवर खर्च व्हावा, एवढीच मागणी. भारतमंत्र्यांनी ती हिंदुस्थान सरकारकडे धाडली, तेथून ती प्रांतांकडे गेली, अभिप्रायांचे कागद जमले. मूळ मागणी मात्र मान्य झाली नाही.

याच काळात फ्रान्सिस गाल्टन यांच्यासह ऑक्सफर्ड विद्यापीठात उपयोजित संख्याशास्त्राचे अध्यासन स्थापन करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. कायदे करणारे मंत्री विद्यापीठातून शिकून येतात. पण सरकारी आकड्यांवरून धोरणाचे फलित कसे तपासायचे, हे त्यांना कोणी शिकवीत नाही, ही त्यामागची तक्रार. तोही प्रयत्न तडीस गेला नाही.

दारात जाऊन बोलणारी स्त्री

सरकार हलत नव्हते, तेव्हा नाइटिंगेल यांनी दुसऱ्या टोकाला हात घातला. त्यांची बहीण पार्थेनोपी यांचे सासर बकिंगहॅमशायरमधील क्लेडन येथे होते. १८९२ मध्ये त्या परगण्यात त्यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. निवडक सुशिक्षित स्त्रियांना तेथील आरोग्याधिकारी डॉ. डेथ यांनी व्याख्यानांतून शिकविले, नंतर स्वतःबरोबर खेड्यांतील घरोघर नेले, शेवटी परीक्षा घेतली. उत्तीर्ण झालेल्या स्त्रियांनी गावोगाव जाऊन आयांना आरोग्याचे धडे द्यायचे, अशी ही योजना. लोकांच्या घरी जाऊन आरोग्याचे ज्ञान देणाऱ्या स्त्रिया मँचेस्टर परिसरात १८६०च्या दशकापासून काम करीत होत्या. तथापि, या कामासाठी पद्धतशीर प्रशिक्षण, प्रत्यक्ष अनुभव आणि परीक्षा अशी सांगड घालणे, हे बकिंगहॅमशायरच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते.

१८९३ मध्ये त्यांचे दोन निबंध दोन खंडांत वाचले गेले. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या परिषदेसाठी त्यांनी रुग्णाची परिचर्या आणि आरोग्याची परिचर्या यांतील फरक मांडला. पहिलीत आजारी माणसाला बरे होण्यास मदत करायची. दुसरीत निरोगी माणसाला निरोगी ठेवायचे. ही दुसरी विद्या प्रत्येक आईला आली पाहिजे, कारण मुलाचे आरोग्य डॉक्टरच्या नव्हे, तिच्या हातात असते.

नोव्हेंबरमध्ये लीड्स येथे समाजकार्य करणाऱ्या स्त्रियांच्या परिषदेत वाचला गेलेला निबंध अधिक तपशिलाचा होता. शरीर, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि घर यांची स्वच्छता; झोपण्याच्या खोलीतील हवा; सांडपाणी आणि केरकचरा; बाळंतपणापूर्वीची व नंतरची काळजी; तान्ह्या मुलाचे संगोपन, असा अभ्यासक्रमच त्यात होता. त्याहून महत्त्वाची होती ती रीत. व्याख्यान देऊन निघून जाणे पुरेसे नाही. शिकविणारीने आईच्या घरी जावे, तेही मैत्रीण म्हणून. निरीक्षक म्हणून नव्हे. तिने दोष काढीत फिरू नये. गरीब बाईला घरात काय शक्य आहे आणि काय नाही, हे आधी समजून घ्यावे. मग तिच्याच चुलीशी, तिच्याच पाळण्याशी बसून करून दाखवावे. ज्या घरात बोलावणे नाही, तेथे शिरण्याचा हक्क कोणालाही नाही.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८९४ मध्ये, बुडापेस्ट येथे याच आंतरराष्ट्रीय परिषदेचे आठवे अधिवेशन झाले. उष्ण कटिबंधातील आरोग्याच्या विभागासाठी चौऱ्याहत्तर वर्षांच्या नाइटिंगेल यांनी हिंदुस्थानातील खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध पाठविला. तीस वर्षांपूर्वी एडिंबरोला त्यांचा रोख सैन्य आणि सरकार यांच्याकडे होता. आता तो गावकऱ्यांकडे, त्यांच्या सहकार्याकडे आणि शिक्षणाकडे वळला होता. सरकारची जबाबदारी त्यांनी सोडून दिली नाही. पैसा आणि पाणी ही सरकारचीच कामे. पण लोकांना बाजूला सारून लोकांचे आरोग्य सुधारता येत नाही, हा त्या निबंधाचा गाभा होता.

पुण्याने पाहिलेली दुसरी बाजू

या विचाराचे मोल किती, हे दोनच वर्षांनी मुंबई इलाख्याला विपरीत मार्गाने कळले. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग अवतरला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. १८९७ मध्ये प्लेगचा बंदोबस्त वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आला. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरांत शिरल्या. देवघर-माजघर न पाहता झडत्या झाल्या. माणसे सक्तीने रुग्णालयांत आणि विलगीकरणाच्या छावण्यांत हलविली गेली. रोग खरा होता आणि उपायांची निकडही खरी होती. परंतु शेजारपाजाऱ्यांच्या भयाने आजारी माणूस लपविला जाऊ लागला, शहर आरोग्यखात्याला रोगाइतकेच भिऊ लागले. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. सार्वजनिक सभेचे जे पुणे दशकभर आधी नाइटिंगेल यांच्याशी ग्रामस्वच्छतेची चर्चा करीत होते, त्याच पुण्यात आरोग्याच्या नावाखाली उंबरठा बळाने ओलांडला गेला होता. मैत्रीण म्हणून जायचे की निरीक्षक म्हणून, हा लीड्सच्या परिषदेतील प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हता, हे येथे दिसून आले.

अखेरची वर्षे

नव्या शतकाच्या आरंभी नाइटिंगेल यांची दृष्टी गेली आणि स्मरणशक्तीही क्षीण झाली. १९०७ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, पण त्याचे महत्त्व जाणण्याच्या अवस्थेत त्या फारशा उरल्या नव्हत्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथील चर्चच्या आवारात, कौटुंबिक दफनभूमीत त्यांना ठेवले गेले. स्मारकावर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत.

त्यांचा जन्मदिवस, १२ मे, हा जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी दिव्याची आठवण होते. घरोघर जाऊन आयांशी बोलणाऱ्या आरोग्य-शिक्षिकेचा पेशा इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात स्थिरावला. हिंदुस्थानात खेड्यातील स्त्रीनेच खेड्यातील घरांत आरोग्याचा निरोप पोहोचवावा, ही कल्पना देशव्यापी योजनेच्या रूपात यायला बराच काळ जावा लागला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' कार्यकर्ती आली. ती नाइटिंगेल यांच्या निबंधातून उतरली असे म्हणता येणार नाही. पण पाणी, पैसा आणि पटवून देणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात, त्यांतील एक जरी नसली तरी उरलेल्या दोन अपुऱ्या पडतात, हे बुडापेस्टला पाठविलेल्या त्या निबंधाचे सूत्र गावागावांत फिरणाऱ्या कार्यकर्तीला रोजच्या अनुभवाने ठाऊक असते.